बर्फावरील सहा उड्या

मी भिलाईचा रहिवासी. छत्तीसगडातील या पोलादाच्या गावात बर्फ दृष्टीस पडतो तो उसाच्या रसाच्या पेल्यात, नाहीतर मासळीच्या टोपलीत. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशा गावच्या माणसाने बर्फावरच्या खेळाविषयी बोलायला बसावे हे आपल्याला थोडे विचित्र वाटेल. मलाही वाटते. पण त्याला कारण झाली ती आमच्या शेजाऱ्यांची नात.

ही मुलगी तेरा वर्षांची. रोज संध्याकाळी उन्हे उतरली की पायांत चाकांचे स्केट चढवून ती सिमेंटच्या रिंगणात उतरते. एके दिवशी मी सहज कठड्याला टेकून पाहत उभा होतो. तिने एक लांबलचक वळण घेतले, पाठमोरी येत येत एकदम उडी मारली, हवेत गिरकी घेतली आणि एका पायावर अलगद उतरली. मी मोठ्या कौतुकाने टाळ्या वाजवल्या. ती माझ्याजवळ आली तेव्हा पाहतो तो डोळ्यांत पाणी.

“आजोबा, टाळ्या नका वाजवू. ती लुट्झ नव्हती, फ्लिप झाली.”

आता आदल्या दिवशी हीच उडी तिने मला फ्लिप म्हणून दाखवली होती, आणि आजची लुट्झ व्हायची होती. माझ्या डोळ्यांना दोन्ही उड्या एकाच साच्यातून काढलेल्या दिसल्या. सहा महिने घोटलेली उडी तिच्या शिक्षकांनी त्या संध्याकाळी रद्द ठरवली होती. ती पडली नव्हती, गिरकीही अपुरी नव्हती. मग चुकले कुठे? ते समजून घेण्यासाठी मी त्या मुलीकडेच शिकवणी धरली. पुढे थोडे वाचले, पुष्कळ पाहिले. आज जे सांगणार आहे ते त्या शिकवणीतून हाती लागलेले आहे.

प्रथम हत्याराची ओळख करून घेऊ. माझी सारी नोकरी रेल्वेचे रूळ करण्याच्या कामात गेली, त्यामुळे पोलादाचा कोणताही तुकडा दिसला की मी आधी त्याचा छेद कसा असेल ते पाहतो. बर्फावरच्या स्केटचे पाते सुरीसारखे एकधारी असावे अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. हे पाते साधारण चार मिलिमीटर जाडीचे असते आणि त्याच्या तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक उथळ पन्हळ घासून काढलेली असते. पन्हळीच्या दोन्ही कडा उंच राहतात. म्हणजे एका पात्याला दोन धारा झाल्या, एक पायाच्या आतल्या अंगाला आणि दुसरी बाहेरच्या अंगाला. शिवाय पाते लांबीतही सपाट नसते, डुलत्या खुर्चीच्या पायासारखे किंचित कमानदार असते. पुढच्या टोकाला करवतीसारखे दाते काढलेले असतात. एवढ्या या हत्यारावर पुढचे सगळे नाट्य घडते.

सायकल वळवताना आपण ज्या बाजूला कलतो त्या बाजूला ती वळते. येथेही तसेच. उजव्या पायावर उभे राहून शरीर उजवीकडे कलले की बाहेरची धार बर्फात रुतते आणि वाट उजवीकडे वळते. डावीकडे कलले की आतली धार रुतते आणि वाट डावीकडे वळते. दोन्ही धारांवर सारखाच भार देऊन सरळ रेषेत जाणे शक्य असते, पण या खेळात त्याला फारसा मान नाही. पुढे तोंड करून जायचे की पाठमोरे, आणि आतल्या धारेवर की बाहेरच्या, असे प्रत्येक पायाचे चार प्रकार होतात. खेळाच्या इंग्रजी नावातला ‘फिगर’ हा शब्द म्हणजे आकृती. एके काळी खेळाडू एका पायावर बर्फात आठाचे आकडे आणि वेटोळी रेखायचे आणि परीक्षक वाकून वाकून त्या रेघा तपासायचे. आपल्याकडे अंगणातल्या रांगोळीची वळणे एखादी जाणती सासू तपासते, तसाच तो प्रकार. १९९० च्या मोसमानंतर या आकृत्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून गेल्या. मला त्याचे वाईट वाटते, कारण उडीचा सगळा न्याय त्या रेघांवरच अवलंबून आहे आणि प्रेक्षकाला आता त्या रेघांची सवय उरलेली नाही.

आणखी एक खूण ध्यानात ठेवावी लागेल. बहुतेक खेळाडू हवेत डावीकडे फिरतात, म्हणजे देवळातल्या प्रदक्षिणेच्या उलट दिशेने. उजवीकडे फिरणारेही असतात. त्यांच्या बाबतीत मी पुढे सांगेन तो डावा पाय उजवा समजावा आणि उजवा डावा. डावीकडे फिरणारा खेळाडू कोणतीही उडी मारो, तो उतरतो एकाच रीतीने: उजव्या पायावर, पाठमोरा, बाहेरच्या धारेवर. डावा पाय मागे लांबवलेला आणि दोन्ही हात पसरलेले असतात. छायाचित्रांत आपण पाहतो ती ऐटदार मुद्रा हीच.

उतरणे सगळ्यांचे सारखे असते, तेव्हा उतरण्यावरून उडी ओळखता येत नाही. हवेतल्या गिरक्यांवरूनही ओळखता येत नाही, कारण हवेत सगळ्या उड्या एकसारख्याच दिसतात, जणू एखादी चाती उभी फिरावी. उडीचे नाव पाय सुटण्यापूर्वीच ठरलेले असते. कोणता पाय, कोणती धार आणि दुसऱ्या पायाचे दाते टेकले की नाही, या तीन गोष्टी पाहिल्या की नाव सापडते. माझ्यासारखे बघे मात्र उडी सुरू झाल्यावर डोळे उघडतात आणि गिरक्या मोजत बसतात.

दाते टेकवून मारायच्या तीन उड्या आणि न टेकवता मारायच्या तीन, अशा एकूण सहा. ओढा ओलांडताना खेडुत काठी रोवतो आणि तिच्या आधाराने पलीकडे झेप घेतो. दाते टेकवण्यात काहीसे तेच तत्त्व आहे. धावत्या वेगाला क्षणभर अडवून तो वरच्या दिशेला वळवायचा.

यांतली सर्वांत सोपी समजली जाते ती टो-लूप. उजव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर पाठमोरे यायचे, डाव्या पायाचे दाते मागे रोवायचे आणि उडायचे. १९२० च्या दशकात ब्रूस मेप्स या अमेरिकन खेळाडूने ती रूढ केली असे मानतात. बर्फवाल्यांनी त्याचे नाव उडीला ठेवले नाही, पण अमेरिकेतल्या चाकवाल्यांनी ते राखले. त्यांच्या बोलण्यात ही उडी ‘मेप्स’ म्हणूनच येते.

दाते काढून टाकले, बाकी सारे तसेच ठेवले, की होते लूप. उजव्याच पायाच्या बाहेरच्या धारेवरून उडायचे आणि त्याच पायाच्या त्याच धारेवर उतरायचे. आपल्या लंगडीच्या खेळाची आठवण करून देणारी ही उडी आहे. डावा पाय उजव्यासमोर नुसता ओलांडून धरलेला असतो, त्याची काही मदत नाही. खुर्चीवर बसल्यासारखा गुडघा वाकतो आणि मग शरीर उसळते. १९१० साली वेर्नर रिटबर्गर या जर्मन खेळाडूने ती प्रथम केली. जर्मन आणि रशियन लोक अजून तिला रिटबर्गर म्हणतात. येथे मला आमच्या गावाची एक गोष्ट आठवते. भिलाईचा कारखाना सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने उभा राहिला. १९५५ साली करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या बर्फाळ देशातली मंडळी यंत्रे आणि नकाशे घेऊन येथे येऊन राहिली, त्यांनी आम्हांला पोलाद ओतायला शिकवले. हिवाळा तेवढा त्यांना बरोबर आणता आला नाही. नाहीतर आमच्या मुलीही लूपला रिटबर्गर म्हणत्या.

सॅल्कोव्ह ही उडी स्वीडनच्या उलरिख सॅल्कोव्हची. हा गृहस्थ दहा वेळा जगज्जेता झाला आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले. १९०९ साली त्याने डाव्या पायाच्या आतल्या धारेवरून पाठमोरी उडी घेतली. उजवा पाय मागून पुढे झोकायचा आणि त्या झोक्याने वर जायचे. दात्यांचा आधार नाही. दारावरची झुलती कडी जशी गोल फिरून पुढे येते, तसा तो मोकळा पाय येतो. पाहायला फार डौलदार.

या उडीबरोबर एका स्त्रीची कथा जोडलेली आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये थेरेसा वेल्ड या अमेरिकन स्त्रीने एका गिरकीची सॅल्कोव्ह मारली. आज ती नवशिक्या मुली मारतात. परीक्षकांना ते स्त्रियांना न शोभणारे वाटले आणि तिला तशी समज देण्यात आली. घोळदार, लांब झग्यात उडी मारणेच मुळी अवघड, त्यात वर ही बोलणी. तिने कांस्यपदक मिळवले ते मिळवलेच. पुढे १९६२ साली कॅनडाच्या पेट्रा बुर्काने स्पर्धेत हीच सॅल्कोव्ह तीन गिरक्यांची मारली, आणि २००२ साली जपानच्या मिकी अँडोने कुमारांच्या स्पर्धेत चार गिरक्यांची.

आता ॲक्सल. भिलाईच्या माणसाला हा शब्द ऐकला की चाकांचा आस आठवतो. मीही बरेच दिवस समजत होतो की आसाभोवती फिरायचे म्हणून नाव ॲक्सल. ते तसे नाही. ॲक्सल पॉल्सेन हे नॉर्वेच्या एका माणसाचे नाव. १८८२ साली व्हिएन्ना येथे त्याने ही उडी केली, आणि तीही शर्यतीच्या लांब पात्यांचे स्केट घालून. सहा उड्यांत हिची ओळख सर्वांत सोपी आहे. बाकीच्या पाचही पाठमोऱ्या सुरू होतात. ॲक्सल तेवढी तोंड पुढे करून. डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर पुढे यायचे, उजवा गुडघा पायरी चढल्यासारखा वर घ्यायचा आणि वर जायचे. उतरायचे मात्र इतरांसारखेच पाठमोरे. पुढून सुरुवात आणि पाठमोरा शेवट, त्यामुळे अर्धी गिरकी आपोआप वाढते. एका गिरकीची ॲक्सल म्हणजे प्रत्यक्षात दीड, दोनाची अडीच, तिनाची साडेतीन. या अर्ध्या फेऱ्याची किंमत जबर आहे. २०१८ साली ठरलेल्या गुणांच्या तक्त्यात तीन गिरक्यांच्या टो-लूपला ४.२ गुण होते, तर तीन गिरक्यांच्या ॲक्सलला ८. मधल्या चार उड्या याच्या अधेमधे बसतात: सॅल्कोव्ह, मग लूप, मग फ्लिप, मग लुट्झ.

फ्लिप आणि लुट्झ यांच्यापाशी आता आपण आलो आणि माझ्या छोट्या गुरूच्या रडण्याचे कारणही येथेच आहे.

दोन्ही उड्या डाव्या पायावर पाठमोरे येऊन मारायच्या. दोन्हीत उजव्या पायाचे दाते मागे रोवायचे. दोन्हीत डावीकडे फिरायचे. फरक एवढाच की फ्लिपमध्ये डावा पाय आतल्या धारेवर असतो आणि लुट्झमध्ये बाहेरच्या. चार मिलिमीटरच्या पात्याची ही कड की ती, एवढ्यावर नाव बदलते. पण ही कड बदलली की सगळा हिशेब बदलतो. फ्लिपमध्ये वाट ज्या बाजूला वळत असते त्याच बाजूला गिरकी घ्यायची असते. वाहत्या पाण्याबरोबर पोहावे तसे ते आहे. लुट्झमध्ये वाट एका बाजूला वळते आणि गिरकी तिच्या विरुद्ध बाजूला घ्यायची. शरीर एकीकडे झुकलेले, मन दुसरीकडे निघालेले. म्हणून लुट्झ मारणारा रिंगणाच्या कोपऱ्याकडे लांबच लांब, उथळ वळण घेत जाताना दिसतो. तो वेळ काढत नसतो, तर ती बाहेरची धार शेवटच्या क्षणापर्यंत धरून ठेवण्याची त्याची धडपड चाललेली असते.

आणि तो शेवटचा क्षण फार फसवा. उजव्या पायाचे दाते मागे टेकतात, शरीराला डावीकडे फिरण्याची घाई झालेली असते आणि डावा पाय नकळत बाहेरून आत कलतो. धार बदलली. खेळाडू स्वतः शपथेवर सांगेल की मी लुट्झ मारली; प्रत्यक्षात ती फ्लिप झालेली असते. हा दोष इतका नेहमीचा आहे की इंग्रजी बोलणाऱ्या खेळाडूंनी फ्लिप आणि लुट्झ या दोन नावांची मोडतोड करून त्याला ‘फ्लुट्झ’ असे नाव देऊन टाकले. उलट दोषही होतो, म्हणजे फ्लिप मारताना पाय बाहेरच्या धारेवर घसरतो. तो कमी दिसतो. मोठ्या स्पर्धांत आज चित्रफीत संथ गतीने पुन्हा पाहिली जाते आणि चुकीच्या धारेची खूण उडीच्या नावापुढे लागली की गुण कापले जातात. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट चालू असतो आणि पलीकडे टेबलाशी बसलेले तीन-चार लोक एका पायाच्या घोट्याकडे टक लावून पाहत असतात.

ज्या अलोइस लुट्झने १९१३ साली ही उडी आणली, त्या ऑस्ट्रियन तरुणाविषयी फारशी माहिती मागे उरलेली नाही. उडी राहिली. फ्लिपला तर कोणाचे नावही चिकटले नाही.

आता थोडे हवेतले. पाय बर्फावरून सुटल्यावर गिरकीचा साठा वाढवता येत नाही. जमिनीवरून जो घेऊन निघालात तेवढाच. पण तो कसा खर्च करायचा ते हातात असते. मंगळागौरीच्या फुगडीत मुली हात ताणून मागे रेलतात तोवर वेग बेताचा असतो, आणि त्याच जवळ आल्या की गरगर वाढते. स्केटवरचा खेळाडू हात छातीशी आवळतो, पाय पायावर घट्ट धरतो आणि बारीक होतो, तो त्यासाठीच. उतरण्याच्या क्षणी हात पसरले की वेग आपोआप मावळतो.

किती वेळ मिळतो? मी जुन्या सवयीने कागदावर हिशेब मांडला. अर्धा मीटर उंच उडी मारणारा माणूस सुमारे ०.६४ सेकंद हवेत राहतो. दुप्पट उंच, म्हणजे एक मीटर उडाला तरी वेळ दुप्पट होत नाही, ०.९ सेकंद होतो, बस्स. आणि एक मीटर उडणार कोण? तेव्हा चार गिरक्या बसवायच्या तर उंचीने ते साधत नाही, फिरण्याचा वेग वाढवावा लागतो, सेकंदाला पाच फेऱ्यांच्या घरात न्यावा लागतो. हा वेग साधतो कोणाला? ज्याचे खांदे अरुंद, नितंब अरुंद, वजन कमी, त्याला. थोडक्यात, अजून पुरती वाढ न झालेल्या शरीराला.

या साध्या गणिताने या खेळात केवढी उलथापालथ केली पाहा. १९४८ साली डिक बटन या अमेरिकन खेळाडूने सेंट मोरिट्झच्या ऑलिंपिकमध्ये दोन गिरक्यांची ॲक्सल मारली, आणि १९५२ साली ऑस्लोला तीन गिरक्यांची लूप. तेव्हा ते आश्चर्य होते. १९८८ साली बुडापेस्टला कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंगने चार गिरक्यांची टो-लूप मारली. स्त्रियांत मिडोरी इतो या जपानी मुलीने १९८९ च्या जागतिक स्पर्धेत तिहेरी ॲक्सल मारून सुवर्णपदक नेले. त्यानंतरची काही दशके पुरुषांचे चौपट उड्यांचे वेड वाढत गेले, आणि पुढे ते लहान मुलींतही शिरले. पंधरा वर्षांच्या मुली चार गिरक्या मारून विजयी होऊ लागल्या आणि दोन वर्षांत शरीर वाढले, पाठ किंवा घोटा गेला, की स्पर्धेतून नाहीशा होऊ लागल्या. प्रत्येक उतरण्याला पायावर वजनाच्या कित्येक पट भार येतो आणि सरावात दिवसाकाठी अशी कितीतरी उतरणी होतात. अखेर २०२२ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय संघाने प्रौढ गटाचे किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर नेण्याचा निर्णय घेतला. माझ्या मते तो उशिरा घेतला, पण घेतला.

त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेत लेक प्लॅसिड येथे इलिया मालिनिन या सतरा वर्षांच्या मुलाने चौपट ॲक्सल, म्हणजे साडेचार गिरक्या, स्पर्धेत पुऱ्या केल्या. पॉल्सेनच्या दीड गिरकीपासून तेथवर यायला १४० वर्षे लागली. जपानच्या युझुरु हान्यूने त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिचा प्रयत्न केला होता. गिरकी अपुरी राहिली आणि तो पडला. अपुऱ्या गिरकीचा हिशेबही फार काटेकोर असतो. पाव फेऱ्याहून अधिक कमी पडले की उडीची किंमत घटते, आणि अर्धा फेरा वा त्याहून अधिक कमी पडले तर ती एक गिरकी कमी असलेली उडीच धरली जाते.

हे सगळे बर्फाचे झाले. आमच्या मुलीच्या पायांत मात्र चाके, मग तिला ही नावे कशी लागू? याचे उत्तर न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन याने १८६३ साली दिले. त्यापूर्वीचे चाकांचे स्केट सरळ जात, वळवायचे म्हणजे संकट. त्याने दोन चाके पुढे, दोन मागे अशी जोडी बसवली आणि दोन्ही आस रबराच्या उशीवर ठेवले. माणूस ज्या बाजूला कलेल त्या बाजूला आस वळतात आणि स्केट वळते. म्हणजे पात्याच्या दोन धारांचे काम आतली चाके आणि बाहेरची चाके करू लागली. टोकाच्या दात्यांच्या जागी पुढे रबरी ठोकळा असतो. बर्फावरच्या सहाही उड्या त्यामुळे जशाच्या तशा चाकांवर आल्या, नावांसकट. चाकांवरील कलात्मक स्केटिंगची पहिली जागतिक स्पर्धा १९४७ साली वॉशिंग्टनला झाली. चाके पात्याहून जड असतात आणि सिमेंट बर्फासारखे घसरू देत नाही. पडले की कातडे सोलून निघते, एवढा फरक.

आपल्या देशाला हा चाकांचा मार्गच अधिक मानवला. सिमल्याला १९२० पासून निसर्गाच्या थंडीवर गोठणारे बर्फाचे रिंगण आहे, पण ते वर्षातून जेमतेम दोन-अडीच महिने, तेही थंडीच्या मर्जीवर. डेहराडूनला २०११ च्या हिवाळी खेळांसाठी मोठे बंदिस्त रिंगण बांधले. नंतर ते वर्षानुवर्षे बंद राहिले आणि २०२५ साली तेथे पुन्हा स्पर्धा झाल्या. भारताच्या नावाने बर्फावर उतरणारी तारा प्रसाद अमेरिकेत वाढली, तेथेच शिकली. चाकांवर मात्र २०१० च्या ग्वांगझू आशियाई खेळांत हैदराबादच्या अनुपकुमार यामाने एकेरीत कांस्यपदक मिळवले आणि अवनी पांचाळच्या जोडीने आणखी एक. २०१५ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. उन्हाच्या देशात वाढलेल्या या मुलांना लुट्झची बाहेरची धार तशीच धरावी लागते, जशी ऑस्लो वा प्रागच्या मुलांना.

आमच्या शेजारच्या मुलीकडे परत येतो. गेल्या वर्षात ती चांगली चार बोटे उंच झाली. उंची वाढली की तोलाची जागा बदलते, आणि पाठ झालेली उडी एका पावसाळ्यात परकी होते. तिच्या लुट्झचे बिघडले ते कदाचित तेव्हाच. शिक्षकांनी तिला दोन मार्ग सांगितले. एक, लुट्झचा नाद सोडून फ्लिपच दोनदा मारायची. गावच्या स्पर्धेत कोणी इतके बारकाईने पाहत नाही. दुसरा, लुट्झ मुळापासून पुन्हा शिकायची, आधी गिरकी न घेता. तिच्या आईला पहिला मार्ग पटला, कारण परीक्षा तोंडावर होती. मुलीने दुसरा घेतला.

तेव्हापासून ती काय करते ते मी रोज पाहतो. खडूने सिमेंटवर एक लांब वळण आखते. त्यावरून डाव्या पायावर पाठमोरी येते, बाहेरच्या चाकांवर. वळणाच्या शेवटी उजव्या पायाचा ठोकळा मागे टेकवते आणि नुसतीच अर्ध्या गिरकीची उडी मारते. मग कठड्याकडे पाहते. माझे काम ठरलेले आहे. मी हवेत पाहायचे नाही, उतरताना पाहायचे नाही. डाव्या घोट्याकडे पाहायचे आणि आत कलला की हात वर करायचा. पहिले काही आठवडे माझा हात दुखून आला. काल संध्याकाळी तिने तेरा वेळा ते वळण घेतले आणि मला हात चार वेळा वर करावा लागला. पाचवा की सहावा प्रयत्न नक्की सांगता येत नाही, पण एकदा ती खडूच्या रेघेवरून तसूभरही न ढळता शेवटपर्यंत गेली आणि उडी बेताचीच, वीतभर उंचीची झाली. कठड्याशी उभ्या असलेल्या इतर पालकांपैकी कोणाचे तिकडे लक्षही नव्हते. पलीकडे एक मुलगा दोन गिरक्या मारत होता, ते सगळे त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

“आजोबा, कलला?” तिने विचारले.

मी हात खालीच ठेवला.